जाणे, गो आणि इर : एक अनियमित क्रियापद तीन भाषांत

‘गो – वेन्ट – गॉन’ हे त्रिकूट शाळेत तालासुरात पाठ झालेलं असतं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण बोलायची वेळ आली की तोंडातून ‘आय डिड नॉट वेन्ट’ निघतं, किंवा त्याहून सराईतपणे ‘आय हॅड गॉन यस्टरडे’. त्यात सोबतीला स्पॅनिश शिकायला घेतली असेल, तर प्रत्येक काळाची सहा-सहा रूपं समोर येतात आणि ‘वेन्ट’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं याची दोन वेगवेगळी उत्तरं मिळतात.

या गोंधळावर माझा उपाय असा: काळांची इंग्रजी नावं तूर्त बाजूला ठेवायची आणि आधी आपलं मराठी वाक्य नीट ऐकायचं. गेलो, गेलोय, गेलो होतो, जात होतो, जायचो, जाणार होतो. हे सगळे भेद आपण दिवसभर न चुकता करतो. यातले काही भेद इंग्रजी झाकून टाकते आणि स्पॅनिश मात्र पाळते. म्हणजे इंग्रजीमार्गे स्पॅनिशला जाणाऱ्यापेक्षा मराठीमार्गे जाणाऱ्याची वाट पुष्कळ ठिकाणी जवळची असते.

इथे एकच क्रियापद घेतलंय: इंग्रजीतलं ‘गो’, स्पॅनिशमधलं ‘इर’ आणि आपलं ‘जाणे’. तिन्ही भाषांत हे अनियमितच आहे. ‘जा’पासून ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो. कारण ‘जा’ संस्कृतच्या ‘या’ धातूकडून आला आणि ‘गेला’ हे ‘गत’कडून. इंग्रजीतही तोच प्रकार. ‘वेन्ट’ हा मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ, सेंड-सेन्ट, बेंड-बेन्टसारखा. ‘गो’ने तो उचलून आपलासा केला. स्पॅनिशने तर लॅटिनमधली तीन क्रियापदं एकत्र बांधली आहेत. ‘इरे’पासून इर, इबा, इदो ही रूपं आली, ‘वादेरे’पासून बोय, बास, बा आली आणि ‘असणे’ या अर्थाच्या ‘एस्से’पासून फुई, फुए आली. तेव्हा इथे नियम शोधत बसू नका, रूपंच पाठ करायची आहेत. नियम आहेत ते कुठलं रूप कधी वापरायचं याचे, आणि लेखाचा मुख्य भाग त्यावरच आहे.

आधी उच्चार ठरवून घेऊ

स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे थोडं सांभाळून वाचा. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ आणि ‘बी’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, म्हणून ‘बोय’ हा शब्द रोमन लिपीत ‘व्ही’ने लिहिलेला दिसेल. शब्दाच्या सुरुवातीला तो आपल्या ‘ब’सारखा वाजतो. दोन स्वरांमध्ये ओठ पुरते मिटत नाहीत, त्यामुळे ‘इबा’मधला ‘ब’ हा ‘व’कडे झुकलेला ऐकू येतो. ‘एच’ अक्षर लिहिलं जातं, बोललं जात नाही. त आणि द मात्र आपले दंत्यच, इंग्रजीतले ट-ड नव्हेत. इथे मराठी जिभेला काहीच कष्ट नाहीत. काही अक्षरांचे उच्चार स्पेनमध्ये वेगळे आणि लॅटिन अमेरिकेत वेगळे आहेत. मी लॅटिन अमेरिकेतली सोपी पद्धत धरली आहे.

पायरी १ : रूपं तोंडपाठ करा, पण थोडीच

इंग्रजीत ‘गो’ची एकूण पाच रूपं: गो, गोज, वेन्ट, गॉन, गोइंग. बाकी सगळं काम वुईल, हॅव, हॅड, डिड, ॲम-इज-आर ही मदतनीस क्रियापदं करतात. ‘गोज’ फक्त ही, शी, इट यांच्यासाठी आणि तेही फक्त साध्या वर्तमानकाळात.

स्पॅनिशमध्ये मदतनीस कमी, रूपं जास्त. मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते/त्या या क्रमाने म्हणा:

जातो : बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान
गेलो : फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन
जायचो, जात होतो : इबा, इबास, इबा, इबामोस, इबाइस, इबान
जाईन : इरे, इरास, इरा, इरेमोस, इरेइस, इरान

पाचवं रूप, म्हणजे अनेक ‘तू’ मिळून होणारं ‘तुम्ही’, रोजच्या बोलण्यात फक्त स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेत त्या जागी ‘उस्तेदेस’ म्हणतात आणि त्याला सहावं रूप लावतात. तुमचा कल तिकडचा असेल तर पाचवी रूपं फक्त वाचून ओळखता आली तरी पुरे. ओळ पाठ करताना जोर कुठे द्यायचा तेही तेव्हाच बसवून घ्या. इबा, इबास, इबामोस यांचा जोर ‘इ’वर. इरे, इरास, इरा यांचा शेवटच्या अक्षरावर.

एकट्या माणसाशी आदराने बोलायचं तर ‘उस्तेद’, आणि त्याला तिसरं रूप: उस्तेद बा. सलगीचा शब्द ‘तू’च आहे, उच्चारासकट. अर्थात कोणाला ‘तू’ म्हणावं याचे संकेत देशादेशांत बदलतात. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात, पण ‘इर’च्या बाबतीत रूप तेच राहतं: बोस बास.

दोन सवलती लक्षात ठेवा. एक, मराठीत नुसतं ‘जातो’ म्हटलं की ‘मी’ बोलायची गरज नसते, तसंच स्पॅनिशमध्ये ‘यो बोय’ऐवजी नुसतं ‘बोय’ पुरतं. इंग्रजीत मात्र ‘आय’ सोडता येत नाही. दोन, जातो-जाते, गेला-गेली असा लिंगभेद या क्रियापदाला दोन्ही भाषांत नाही. ‘फुए’ म्हणजे तो गेला, ती गेली आणि ते गेलं, तिन्ही.

पायरी २ : जातो आणि जातोय

रोजची सवय असेल तर मराठीत ‘जातो’ आणि आत्ता चाललेलं असेल तर ‘जातोय’. इंग्रजीत नेमकी हीच विभागणी आहे: ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’. तरीही ‘आय ॲम गोइंग टू ऑफिस डेली’ असं कानावर येतंच. वाक्यात रोज, दर आठवड्याला, नेहमी, कधीकधी असं काही असेल तर ‘ॲम गोइंग’ला हात लावू नका.

स्पॅनिश इथे सैल आहे. ‘बोय’मध्ये जातो आणि जातोय दोन्ही येतात. रस्त्यात भेटलेल्याला ‘कुठे चाललायस?’ विचारायचं तर ‘आदोन्दे बास?’ एवढंच. ‘एस्तोय येन्दो’ हे ‘ॲम गोइंग’चं शब्दशः भाषांतर आहे आणि व्याकरणाने बरोबरही आहे, पण त्याचा वापर कमी. आत्ता, या क्षणी वाटेतच आहे हे ठासून सांगायचं असेल तरच ते येतं. इंग्रजीची सवय झालेले लोक ‘एस्तोय येन्दो’ उगाच पेरत राहतात. तुम्ही ‘बोय’ वर भागवा.

आता एक जागा अशी, जिथे मराठी आणि स्पॅनिश एका बाजूला आहेत आणि इंग्रजी दुसऱ्या. ‘मी दोन वर्षांपासून तिथे जातोय.’ आपल्याकडे वर्तमानकाळ. स्पॅनिशमध्येही वर्तमानकाळच: ‘बोय आयी देस्दे आसे दोस आन्योस.’ इंग्रजीला मात्र ‘आय हॅव बीन गोइंग देअर फॉर टू इयर्स’ एवढा लांब प्रवास करावा लागतो. मराठीतून थेट उतरवलं की ‘आय ॲम गोइंग देअर सिन्स टू इयर्स’ होतं आणि त्यात दोन चुका सापडतात. ‘पासून’ आणि ‘जातोय’ एकत्र दिसले की इंग्रजीत ‘हॅव बीन’ हवं. कालावधी मोजला असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा बिंदू सांगितला असेल तर ‘सिन्स’.

पायरी ३ : गेलो, जायचो, जात होतो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्पॅनिश शिकणारे इंग्रजी भाषिक ज्या ठिकाणी महिनोन् महिने अडखळतात ते हेच ठिकाण, आणि मराठी माणसाने इथे अडायचं कारण नाही.

इंग्रजी वाक्य घ्या: ‘वुई वेन्ट टू द रिव्हर.’ एकदा गेलो की दरवर्षी जायचो, हे यावरून कळत नाही. ‘वुई वेन्ट टू द रिव्हर एव्हरी समर’ हेही बिनचूक इंग्रजी आहे. ‘वेन्ट’ दोन्हीकडे तेच. स्पॅनिशला हे चालत नाही. एकदाच घडून संपलेलं जाणं असेल तर ‘फुइमोस आल रिओ’. सवयीचं, पुन्हा पुन्हा होणारं जाणं असेल तर ‘इबामोस आल रिओ’. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला थांबून हिशेब करावा लागतो. मराठीत तो हिशेब आधीच झालेला असतो, कारण ‘नदीवर गेलो’ आणि ‘नदीवर जायचो’ यांत आपली गल्लत कधीच होत नाही.

गेलो = वेन्ट = फुई.
जायचो = यूज्ड टू गो = इबा.

अर्धवट राहिलेली किंवा मागे चालू असलेली क्रियाही ‘इबा’च्याच पदरात पडते. ‘मी ऑफिसला जात होतो तेव्हा फोन वाजला.’ इंग्रजीत ‘आय वॉज गोइंग टू द ऑफिस व्हेन द फोन रँग.’ स्पॅनिशमध्ये ‘इबा आ ला ओफिसिना क्वान्दो सोनो एल तेलेफोनो.’ जाणं चालू होतं म्हणून इबा. फोन एकदाच वाजला म्हणून ‘सोनो’, तो ‘फुई’च्या गटातला. म्हणजे मराठीतल्या दोन रूपांना, जायचो आणि जात होतो, स्पॅनिशमध्ये एकच घर आहे. ‘इबा’ वाचताना यांपैकी कोणतं ते बाकीच्या वाक्यावरून ठरवा.

‘मी जाणार होतो’ हेही इथेच उरकून घेऊ: ‘आय वॉज गोइंग टू गो’, ‘इबा आ इर’. जाणं झालं की नाही हे तिन्ही भाषांत सांगितलेलं नाही. बहुतेक वेळा झालेलं नसतं.

‘फुई’मध्ये एक गंमत लपलेली आहे. ‘असणे’ या अर्थाच्या ‘सेर’ या क्रियापदाचा हाच भूतकाळ अगदी अक्षरनक्षर असाच आहे: फुई, फुइस्ते, फुए. मग ‘फुए’ म्हणजे गेला की होता? पुढचा शब्द पाहा. ‘फुए आ माद्रिद’ म्हणजे माद्रिदला गेला. ‘फुए मेदिको’ म्हणजे तो डॉक्टर होता. पुढे ‘आ’ आणि ठिकाण असेल तर जाणं. प्रत्यक्ष वाचनात यावर अडायला होत नाही. जुन्या छापील पुस्तकांत ‘फुई’ आणि ‘फुए’वर आघातचिन्ह दिसेल. 1959 पासून अधिकृत शुद्धलेखनात ते काढून टाकलंय, तेव्हा तुम्ही लिहिताना देऊ नका.

पायरी ४ : ‘गेलो होतो’चा सापळा

मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक बहुधा हीच असावी. ‘मी काल बँकेत गेलो होतो’ हे आपलं अगदी सहज वाक्य. त्यात ‘होतो’ आहे म्हणून ‘आय हॅड गॉन टू द बँक यस्टरडे’. मराठीतलं हे ‘होतो’ बरेचदा एवढंच सांगतं की गोष्ट होऊन गेली, आता मी परत आलोय. इंग्रजी ‘हॅड गॉन’ला मात्र तेवढ्याने भागत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी एखादी घटना लागते, जिच्या आधी हे जाणं झालं.

कसोटी सोपी आहे. वाक्यातलं ‘होतो’ काढून पाहा. ‘मी काल बँकेत गेलो.’ अर्थ फारसा बिघडला नाही? मग इंग्रजीत ‘वेन्ट’ आणि स्पॅनिशमध्ये ‘फुई’: ‘आय वेन्ट टू द बँक यस्टरडे’, ‘आयेर फुई आल बान्को’.

आता हे वाक्य: ‘मी पोचलो तेव्हा तो गेला होता.’ इथलं ‘होता’ काढलं तर मी पोचल्यावर तो उठून गेला असा भलताच अर्थ निघतो. म्हणजे हे ‘होता’ खरं काम करतंय. म्हणून ‘व्हेन आय अराइव्ह्ड, ही हॅड गॉन’ आणि ‘क्वान्दो येगे, या से आबिआ इदो’.

या शेवटच्या वाक्यात ‘से’ कुठून आला? ‘इर’ म्हणजे कुठेतरी जाणं, ‘इरसे’ म्हणजे इथून निघून जाणं. ‘बोय आल बान्को’ म्हणजे बँकेत चाललोय, आणि ‘मे बोय’ म्हणजे निघतो मी. ठिकाणापेक्षा निघणं महत्त्वाचं असेल तर मे, ते, से, नोस यांपैकी एक जोडायचा. नवख्याने सध्या ‘मे बोय’ एवढं एक पक्कं करावं. निरोप घेताना ते रोज लागतं.

पायरी ५ : गेलाय की जाऊन आलाय

‘तो लंडनला गेलाय’ म्हटलं की तो इथे नाही. ‘तो लंडनला जाऊन आलाय’ म्हटलं की तो समोर बसून फोटो दाखवतोय. इंग्रजीतही हा भेद काटेकोर आहे: पहिल्यासाठी ‘ही हॅज गॉन टू लंडन’, दुसऱ्यासाठी ‘ही हॅज बीन टू लंडन’. स्वतःबद्दल बोलताना ‘आय हॅव गॉन टू लंडन’ म्हणणं म्हणूनच विचित्र वाटतं. गेलेला माणूस इथे बोलतोय कसा?

स्पॅनिशमध्ये आबेर या मदतनीसाची रूपं ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन, आणि पुढे न बदलणारं ‘इदो’. ‘आ इदो आ लोन्द्रेस’ म्हणजे लंडनला गेलाय. जाऊन आलोय म्हणायला ‘ए एस्तादो एन लोन्द्रेस’ हे स्वच्छ. पण ‘ए इदो दोस बेसेस’, म्हणजे दोनदा जाऊन आलोय, असंही सर्रास बोलतात. किती वेळा ते सांगितलं की गैरसमजाला जागा उरत नाही. बोलणारी बाई असली तरी ‘इदो’च, ‘इदा’ नाही. ‘गेलेय’च्या सवयीने तिथे जीभ घसरते.

एक नियम दोन्ही भाषांत चालतो. काल, गेल्या आठवड्यात, दहा वर्षांपूर्वी असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव गॉन’ही नाही आणि ‘ए इदो’ही नाही. ‘वेन्ट’ आणि ‘फुई’ वापरायचं. न संपलेल्या काळाबाबत मात्र प्रदेशाप्रमाणे फरक पडतो. ‘आज सकाळी गेलो’ला स्पेनमध्ये बहुतेक जण ‘एस्ता मान्याना ए इदो’ म्हणतील, तर लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘एस्ता मान्याना फुई’. दोन्ही बरोबर. ज्या देशातल्या लोकांशी बोलणार त्यांचं ऐका.

पायरी ६ : उद्याचं बोलणं

इथे तिन्ही भाषा एका रांगेत येतात, आणि हे जुळणं पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

उद्या जातोय : आय ॲम गोइंग टुमारो : मान्याना बोय
उद्या जाणार आहे : आय ॲम गोइंग टू गो टुमारो : मान्याना बोय आ इर
जाईन : आय वुईल गो : इरे

पहिलं म्हणजे ठरलेलं, तिकीट काढलेलं. दुसरं म्हणजे मनात नक्की केलेलं. तिसऱ्यात आश्वासन, अंदाज किंवा ‘बघू, जाईन कधीतरी’ असा सूर. रेघा इतक्या ठळक नाहीत, पण मराठीत जे रूप आपसूक तोंडात आलं त्याच्या समोरचं घेतलं तर क्वचितच चुकतं. स्पॅनिश बोलीत ‘इरे’पेक्षा ‘बोय आ इर’ खूप जास्त ऐकू येतं, तेव्हा सराव त्याचा आधी करा. ‘बोय आ’ पुढे कुठलंही मूळ क्रियापद जोडता येतं: बोय आ कोमेर, जेवणार आहे; बोय आ एस्क्रिबिर, लिहिणार आहे. एका ‘बोय’वर सगळा भविष्यकाळ निभावतो.

पायरी ७ : नकार, प्रश्न आणि आज्ञा

हे भराभर. इंग्रजीत भूतकाळाचा नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ ‘डिड’ने उचललेला असतो, म्हणून ‘वेन्ट’ परत ‘गो’ होतो: आय डिडन्ट गो, डिड यू गो? स्पॅनिशमध्ये असं काहीच नाही. नकाराला पुढे ‘नो’ लावा: नो फुई. प्रश्नाला फक्त आवाज चढवा: फुइस्ते? लिहिताना प्रश्नचिन्ह सुरुवातीलाही येतं, उलटं.

‘जा’ला इंग्रजीत ‘गो’ आणि स्पॅनिशमध्ये ‘बे’. आदराने ‘बाया’. ज्या भागात ‘बोस’ चालतं तिथे ‘इर’ला ‘बोस’चा आज्ञार्थच नाही, ‘आन्दार’ या दुसऱ्याच क्रियापदाचं ‘आन्दा’ हे रूप उसनं घेतात. आणि ‘चला!’ला ‘लेट्स गो’ आणि ‘बामोस!’. नुसतं ‘आम्ही जातो’ यालाही ‘बामोस’च, पण सुरावरून कळतं.

पायरी ८ : जावं आणि गेलो असतो

पहिल्या महिन्यात ही पायरी गाळलीत तरी चालेल. पण स्पॅनिशच्या ज्या भागाला सगळे घाबरतात त्याचं एक दार मराठीत उघडं आहे, म्हणून सांगतो. ‘तू जावंस असं मला वाटतं.’ इथे ‘जातोस’ नाही, ‘जावंस’ आहे, कारण जाणं प्रत्यक्षात नाही, माझ्या इच्छेत आहे. स्पॅनिशमध्येही अशा जागी क्रियापद रूप बदलतं: ‘किएरो के बायास.’ बाया, बायास, बाया, बायामोस, बायाइस, बायान. इंग्रजीत ‘आय वाँट यू टू गो’ म्हणून काम भागतं. मागणी, इच्छा, सल्ला असेल आणि मराठीत ‘जावं’ येत असेल, तर स्पॅनिशमध्ये ‘बाया’ येण्याची शक्यता दाट.

‘गेलो असतो’ला मात्र मराठी दगा देते. ‘वेळ असता तर गेलो असतो’ हे आपण आजबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षाबद्दलही. इंग्रजी आणि स्पॅनिश यांना ते वेगळं हवं. आज वेळ नाही म्हणून जात नाही: ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड गो’, ‘सि तुबिएरा तिएम्पो, इरिआ’. तेव्हा वेळ नव्हता म्हणून गेलो नाही: ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव गॉन’, ‘सि उबिएरा तेनिदो तिएम्पो, आब्रिआ इदो’. भाषांतर करण्याआधी ‘कधीचं बोलतोय?’ एवढं स्वतःला विचारून घ्या.

पायरी ९ : एक उतारा तीनदा लिहा

रूपांच्या ओळी घोकण्यापेक्षा पाच-सहा वाक्यांचा उतारा जास्त शिकवतो. हा घ्या:

‘लहानपणी मी दर रविवारी आजीकडे जायचो. एकदा एकटाच गेलो. आजी घरी नव्हती, ती बाजारात गेली होती. आता मी तिथे जात नाही. पण उद्या जाणार आहे.’

इंग्रजीत: ‘ॲज अ चाइल्ड, आय यूज्ड टू गो टू माय ग्रँडमदर्स एव्हरी संडे. वन्स, आय वेन्ट अलोन. शी वॉजन्ट ॲट होम. शी हॅड गॉन टू द मार्केट. आय डोन्ट गो देअर नाऊ. बट आय ॲम गोइंग टू गो टुमारो.’

स्पॅनिशमध्ये: ‘दे निन्यो, इबा आ कासा दे मि आबुएला तोदोस लोस दोमिंगोस. उना बेस फुई सोलो. मि आबुएला नो एस्ताबा एन कासा. आबिआ इदो आल मेरकादो. आओरा या नो बोय. पेरो मान्याना बोय आ इर.’

बोलणारी मुलगी असेल तर ‘दे निन्या’ आणि ‘सोला’, पण क्रियापदं जशीच्या तशी. ‘गेली होती’ला इथे ‘हॅड गॉन’ का चाललं ते पाहा: तिचं जाणं माझ्या पोचण्याच्या आधीचं आहे. आता याच उताऱ्यात ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ घाला आणि स्पॅनिश पुन्हा लिहा. मग ‘तो’ घाला. इंग्रजीत जेमतेम ‘डोन्ट’चं ‘डझन्ट’ आणि ‘ॲम’चं ‘इज’ होईल. स्पॅनिशमध्ये सगळी क्रियापदं हलतील, अपवाद ‘तो’च्या उताऱ्यातल्या ‘इबा’चा आणि आजीच्या दोन क्रियापदांचा. हा व्यायाम मोठ्याने बोलून करा.

शेवटी काही फुटकळ, पण रोज लागणाऱ्या गोष्टी

‘गो टू होम’ म्हणू नका, नुसतं ‘गो होम’. मराठीतही ‘घराला जातो’ नाही, ‘घरी जातो’. स्पॅनिशमध्ये ‘बोय आ कासा’, मधे ‘ला’ नाही. पुल्लिंगी ठिकाणांपुढे ‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘आल’ होतो, जसं ‘आल बान्को’.

कोणी हाक मारली तर आपण ‘आलो!’ म्हणतो, तेही भूतकाळात, जागचे न हलता. इंग्रजीत ‘कमिंग!’. स्पॅनिशमध्ये मात्र ‘बोय!’. तिथे बोलणारा स्वतःच्या जागेवरून हिशेब करतो: तो तुझ्याकडे ‘जातो’, ‘येत’ नाही. फोनवर ‘मी तुझ्याकडे येतोय’ म्हणतानाही ‘बोय आ तु कासा’. ‘येणे’ म्हणून शिकलेलं ‘बेनिर’ इथे हमखास चुकीचं पडतं.

उलट ‘लाईट गेली’ हे स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं आहे: ‘से फुए ला लुस’. इंग्रजीला मात्र ‘द पॉवर वेन्ट आउट’ म्हणताना ‘आउट’ची शेपटी लागते. ‘गो’ला अशा शेपट्या पुष्कळ आहेत. गो ऑन, गो ऑफ, गो थ्रू, यांतलं प्रत्येक स्वतंत्र शब्द समजून वेगळं पाठ करावं आणि स्पॅनिशमध्ये ‘इर’ने उतरवायच्या फंदात पडू नये.

हे सगळं अंगवळणी पडलं की पुढचं क्रियापद ‘कम’ आणि ‘बेनिर’ घ्या. कम-केम-कम हे इंग्रजीत हलकं आहे आणि ‘इर’ची जोडी असल्याने वाक्यं तीच वापरता येतात. ‘बी’ मात्र इतक्यात नको. त्याला स्पॅनिशमध्ये सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं लागतात आणि ते प्रकरण सावकाश बसून शिकण्याचं आहे.